मेसचं बिल थकवणारा पोरगा आणि लाल-हिरव्याचा खेळ

खानावळवाली · सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, आज विषय वेगळा आहे.

बेळगावात टिळकवाडीत माझी मेस आहे. दोन वेळ जेवणारी २६ पोरं. बहुतेक इंजिनिअरिंगची नाहीतर डिप्लोमाची, कोण खानापूर तालुक्यातला, कोण चंदगडकडचा, दोघं-तिघं निपाणी भागातले. पंधरा वर्षं हेच करत असल्यानं कुणाचं काय चाललंय ते मला ताटावरून कळतं. प्रेमात पडलेला कमी जेवतो, नापास झालेला जास्त.

एक दुसऱ्या वर्षाचा पोरगा आहे. नाव-गाव लिहीत नाही. त्याचं दोन महिन्यांचं बिल थकलंय. आधी म्हणाला एटीएम चालत नाही, मग म्हणाला बाबांनी पाठवले नाहीत. त्याच्या बाबांना मी ओळखते. भातशेती आहे. पहिल्या वर्षी पोराला सोडायला आले तेव्हा माझ्यासाठी तांदळाची पिशवी घेऊन आले होते. तो माणूस पैसे थकवणाऱ्यातला नाही. गेल्या आठवड्यात पोरानं गाडी विकली. जेवताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवतो आणि मिनिटा-मिनिटाला उताणा करून बघतो. परवा आमटी वाढताना माझी नजर गेली. लाल, हिरवे, जांभळे गोल आणि वर उलटं पळणारं घड्याळ. विचारलं तर म्हणाला, "काही नाही काकू, गेम आहे."

हा काय प्रकार आहे? बाबांना फोन करावा का? माझा मुलगा म्हणतो, आई तू मेसवाली आहेस, मेस बघ, लोकांच्या घरात पडू नकोस. खरं झोप येईना झालीय.

कुंदा_किंग · १०:२२

जांभळा गोल म्हणजे कलर प्रेडिक्शन. काकू, गाडी गेली म्हणजे बरंच पुढं गेलंय.

येळ्ळूरकर · १०:४८

खेळ सांगतो, कारण माझा रूममेट यातच बुडाला. शून्य ते नऊ आकडे. १, ३, ७, ९ हिरवे. २, ४, ६, ८ लाल. शून्य लाल-जांभळा, पाच हिरवा-जांभळा. मिनिटाला एक राउंड. हिरव्यावर लावलं आणि हिरवा आला की दुप्पट, पाच आला तर दीडपट. आणि प्रत्येक वेळी लावलेल्या रकमेतून दोन टक्के फी आधीच कापून घेतात. निदान त्याच्या ॲपचे नियम असे होते.

आता हिशेब. १०० लावले, ९८ धरले. दहापैकी चार वेळा १९६ मिळणार, एकदा १४७, पाच वेळा भोपळा. सरासरी काढली तर हातात ९३ रुपये १० पैसे येतात. म्हणजे ॲप अगदी हरिश्चंद्राचं असलं तरी दर शंभराला सात रुपये जाणारच. आणि ते हरिश्चंद्राचं नसतं. आकडा त्यांच्याच सर्व्हरवर ठरतो, कुठल्या रंगावर कमी पैसे लागलेत ते त्यांना आधी दिसतं.

फौंड्रीवाला_उद्यमबाग · १०:५९

म्हणजे ओसीच की ओ ही! फक्त चिठ्ठी गेली आणि फोन आला. आमच्या वेळी कारखान्यातनं सुटलं की पानपट्टीवर गर्दी. ओपन काय आला, क्लोज काय आला. मुंबईचा मटका, आपल्याकडं ओपन-क्लोजचं ओसी झालं. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावायचे, ते बंद पडल्यावर मडक्यातनं चिठ्ठ्या काढायला लागले, म्हणून मटका. आमच्या शिफ्टमधला एकजण स्वप्नात म्हैस दिसली तरी तिचा आकडा काढायचा.

सिंगल लागला की रुपयाला नऊ मिळायचे, जोडीला नव्वद.

येळ्ळूरकर · ११:०६

@फौंड्रीवाला काका, हे भारी दिलंत. दहा आकड्यांत एक लागणार आणि मिळणार नऊ, म्हणजे मटक्यात शंभराला दहा जातात. कागदावर बघितलं तर मटका कलर गेमपेक्षा महाग! पण मटका दिवसातून किती वेळा? ओपन आणि क्लोज. मधे माणूस कामाला जातो, जेवतो, बायकोच्या शिव्या खातो. इथं दर मिनिटाला ओपन-क्लोज. दोन तास बसला की १२० डाव. शंभर-शंभरचे धरले तर १२ हजार फिरवले आणि सरासरी आठशेच्या वर गेले, एका संध्याकाळी. माझा रूममेट म्हणायचा, "मी फक्त शंभरचं खेळतो."

कुंदा_किंग · ११:०९

थोडक्यात, पानपट्टीवाला संध्याकाळी फळी लावून घरी जायचा हाच समाजावर उपकार होता.

सडेतोड · ११:३१

एवढं काय हळवं व्हायचं? १९-२० वर्षांचा घोडा आहे. मतदान करतो. बापाच्या घामाचे पैसे उडवताना अक्कल कुठं गेली होती? काकूंनी बिल वसूल करावं आणि मोकळं व्हावं. असल्यांना भोगू दिल्याशिवाय कळत नाही.

निपाणीची_लेक · मंगळवार, सकाळी ७:५०

@सडेतोड, भोगायला बापच लागतो, त्याला एकट्याला कुठं भोगायला मिळतंय? ऊसबिल किंवा भाताचे पैसे आले की पहिले फीसाठी बाजूला काढणारी माणसं आहेत ही.

चंदगडी · ८:३५

काकू, तुमचा धागा रात्रीच वाचला. लिहू की नको करत होतो. आता नोकरी आहे, लग्न ठरलंय, म्हणून लिहितो. ह्यातला मीच होतो. २०२३, बेळगावात शिकायला होतो, रूम करून राहायचो.

सुरुवात खेळानं होत नाही, ग्रुपनं होते. टेलिग्रामवर मित्रानं जोडलं. तिथं एक "सर" असायचे. रोज रात्री साडेआठला "सेशन". सर सांगणार लाल, की लाल. पहिल्या दिवशी ३०० टाकले, ५४० झाले आणि ते खात्यात आलेसुद्धा! हे महत्त्वाचं आहे. पहिले पैसे ते खरोखर देतात. त्या ५४० मधून मी मित्रांना पार्टी दिली आणि दोघांना ग्रुपमध्ये घेतलं. त्याची लाज अजून जात नाही.

मग हरायला लागलो की सर म्हणायचे, "लेव्हल चुकवू नका." म्हणजे हरलास की पुढचा डाव दुप्पट. शंभर, दोनशे, चारशे. एकदा जिंकला की सगळं भरून निघतं. ऐकायला गणितासारखं वाटतं. असं करत ४८ हजार गेले. त्यात परीक्षा फी, आईनं दिलेले मोबाईलचे पैसे, एका मित्राचे सात हजार.

आणि स्क्रीनवर काय दिसत होतं? १ लाख ३६ हजार! माझेच. काढायला गेलो तर "३० टक्के टॅक्स आधी भरा, मग रक्कम सुटेल". ४० हजार ८०० रुपये. कुठनं आणणार? अर्धे कसेबसे जमवून भरले. मग व्हेरिफिकेशन चार्ज. मग ग्रुपमधून काढून टाकलं.

नंतर एकदा शांतपणे त्या ग्रुपचे जुने स्क्रीनशॉट बघत बसलो होतो. "आज मला ११ हजार आले सर, थँक्यू सर" असं टाकणारे आठ वेगवेगळे लोक. आठही जणांच्या फोनची बॅटरी ६७ टक्के.

आणि अजून एक, हसू नका. चार महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एकजण आला. डीपीला पोलिसांचा लोगो, म्हणाला सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, फाईल चार्ज अडीच हजार. तेही भरले.

कॅम्पातला_मास्तर · ९:१०

लिहिल्याबद्दल आभार. हसत नाही कुणी. एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढच्या टोळीला विकल्या जातात, त्यामुळं ते दुसरे महाशय नशिबानं नव्हते आलेले.

येळ्ळूरकर · ९:४०

चंदगडी, हॅट्स ऑफ. दोन गोष्टी जोडतो.

एक, तो टॅक्स. ऑनलाइन गेमच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस १ एप्रिल २०२३ पासून खरंच होता, म्हणूनच लोक फसतात. पण तो कंपनीनं कापून उरलेले पैसे द्यायचे असतात. तुम्ही खिशातून आधी भरा आणि मग आम्ही देतो, असा टॅक्स भारतात नाही. पैसे काढायला पैसे मागितले की तिथंच फोन खाली ठेवायचा.

दोन, लेव्हल. शंभरपासून दुप्पट करत सात डाव हरलात तर १२,७०० गेलेले असतात. सात वेळा लागोपाठ हरायची शक्यता १२८ मध्ये एक. मिनिटाला एक राउंड, म्हणजे दोन-सव्वादोन तासांत एकदा हे होणारच.

मांडेवाली · १०:०२

हिशेब चुकला येळ्ळूरकर. लागोपाठ सात हारी येईपर्यंत सरासरी २५४ डाव लागतात, १२८ नाही. हरण्याची साखळी मधेच तुटली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सव्वाचार तास धरा.

येळ्ळूरकर · १०:११

मान्य, कान पकडले. सव्वाचार तास. म्हणजे शनिवारची एक रात्र.

कुंदा_किंग · १०:१४

बेळगावात मांडे करणाऱ्या बाईशी हिशेबात पडू नये हे आजी सांगायची.

चोर्ला_घाट · ११:४५

अवांतर: आमच्या ऑफिसातली चांगली शिकलेली मंडळी महिन्यातून एकदा चोर्ला घाट उतरून पणजीला बोटीवर कॅसिनोत जातात आणि सोमवारी येऊन पोरांच्या मोबाईलवर व्याख्यान देतात. आणि गणपतीत जागरणाला तीनपत्ती कुणाच्या मंडपात चालत नाही, त्यांनी हात वर करा.

फौंड्रीवाला_उद्यमबाग · १२:०५

हात खालीच हाय. खरं गणपतीतली तीनपत्ती विसर्जनाबरोबर संपती. आणि हरलेले पैसे गल्लीतच ऱ्हातात, दुसऱ्या दिवशी त्याच पैशाचा चहा पाजतो जिंकलेला.

आपल्याकडं २००७ ला लॉटरी बंद झाली, तेव्हा पण वाटलं होतं सुटलो. माणसं बॉर्डर ओलांडून तिकडनं तिकिटं आणायला लागली. सीमाप्रश्न सुटंना, खरं आकड्याला सीमा न्हाई.

कुंदा_किंग · १२:०९

आला, आला! सीमाप्रश्न आला! पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सडेतोड · १२:४०

कायद्याचं कुणी बोलणार आहे का? कर्नाटकात २०२१ पासून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. म्हणजे तो पोरगा गुन्हेगारच झाला.

काळा_कोट · दुपारी १:२०

व्यवसायानं वकील. थोडं दुरुस्त करतो.

कर्नाटकानं २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बंदी आणली होती, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये इथल्याच उच्च न्यायालयानं रद्द ठरवली. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. तोवर सगळा वाद "कौशल्य की नशीब" यावर चालायचा. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे हे सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्येच म्हटलं होतं आणि त्या आधारावर कंपन्या उभ्या होत्या. नव्या कायद्यानं हा फरकच पुसला. पैसे लावून जिंकायची आशा असेल तर कौशल्य असो वा नशीब, असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं, ५० लाख. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. तेव्हा "मीच आत जाईन" या भीतीनं तक्रार न करणं चूक आहे.

आणि पैजेचा करार आपल्याकडं १८७२ पासून निरर्थक आहे, करार कायद्याचं कलम ३०. स्क्रीनवरचे ते १ लाख ३६ हजार कुठल्याही कोर्टात मागता येत नाहीत. फसवणुकीची तक्रार मात्र करता येते.

लोंढा_जंक्शन · २:०५

मी फॅन्टसी क्रिकेट लावायचो. माझ्या मते त्यात अभ्यास लागतो, ह्या लाल-हिरव्याशी तुलना नको. ऑगस्टच्या कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. झालं काय, आमच्या ग्रुपातले निम्मे लोक आता कुठल्यातरी परदेशी साइटच्या एजंटकडं आयडी घेतात. जे उघड होतं ते अंधारात गेलं.

काळा_कोट · २:१८

हा मुद्दा रास्त आहे. पण एजंटकडचा आयडी म्हणजे पानपट्टीसुद्धा नाही. पानपट्टीचा निदान पत्ता असायचा.

खानावळवाली · रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. आज बोलले त्याच्याशी. ताटावर नाही बोलले, जेवण झाल्यावर लसूण सोलायला बसवलं. लसूण सोलताना माणूस खरं बोलतो हा माझा अनुभव.

सगळं सांगितलं त्यानं. ८५ हजार गेलेत. फीचे, गाडीचे ३२ हजार आणि एका लोन ॲपचे. ते ॲपवाले आता त्याच्या मित्रांना फोन करून शिव्या देतात. बाबांना फोन गेला तर मरेन म्हणाला. मी म्हटलं मरायचं असेल तर आधी माझं बिल दे. हसला जरा.

खरं एक बरं आहे. तो आता थोडं कमावतोय. एका सीनियरनं त्याला नवीन बँक खातं काढायला लावलं. पासबुक, एटीएम आणि त्या खात्याचं सिमकार्ड त्या दादाकडं असतं, आणि दर महिन्याला ह्याला सहा हजार मिळतात. बिझनेसचे व्यवहार असतात म्हणे. काही करावं लागत नाही. त्यातून माझं बिल फेडतो म्हणाला.

निपाणीची_लेक · ९:३४

काकू थांबा. हे बरं नाही. आतापर्यंतच्या सगळ्यात हेच सगळ्यात वाईट आहे.

निपाणीची_लेक · ९:५८

मी बँकेत आहे, कुठल्या ते सोडा. शांतपणे लिहिते.

याला आम्ही म्यूल खातं म्हणतो. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचं ओझं वाहणारं. चंदगडींनी जे पैसे भरले ते "सरां"च्या खात्यात जात नाहीत. ते अशाच एखाद्या कॉलेजच्या पोराच्या खात्यात जातात, तिथून दहा मिनिटांत आणखी पाच खात्यांत, आणि मग बाहेर. जो फसतो तो तक्रार करतो. पोलीस पैशाच्या मागं मागं येतात आणि पहिलं नाव सापडतं ते ह्या पोराचं. आधार त्याचं, पॅन त्याचं, फोटो त्याचा. दादाचं नाव कागदावर कुठंच नाही.

आमच्याकडं हे रोज दिसतं. ज्या खात्यात महिन्याला चार हजार यायचे तिथं एका दिवसात नऊ लाख येतात आणि जातात. मग कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र येतं आणि खातं गोठतं. एकदा लीन, म्हणजे खात्यातल्या पैशांवर रोख, लागलं की शाखेला काही करता येत नाही. पोरगा काउंटरवर येऊन रडतो, "मॅडम, माझी स्कॉलरशिप अडकली." गेल्या महिन्यात एकाची आई आली होती. अंगठा करणारी बाई. तिला लीन कसं समजावणार? मी तिला म्हटलं, तुमच्या घराला कुणीतरी बाहेरून कुलूप लावलंय आणि किल्ली परगावी आहे.

८५ हजार गेले ते गेले. हे सहा हजार मात्र नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत उभे राहतील. खातं आजच बंद करायच्या मागं लागा.

काळा_कोट · १०:२०

ताईंशी पूर्ण सहमत. काकू, क्रम असा ठेवा.

त्या दादाला आत्ता काही कळू देऊ नका. तो पैसे काढून चॅट पुसून मोकळा होईल. मुलानं एकही मेसेज डिलीट करायचा नाही. रागानं ॲप काढून टाकू नये, आधी स्क्रीनशॉट, व्यवहारांचे १२ आकडी यूटीआर नंबर, टेलिग्रामची नावं, सगळं एका वहीत. मग आज रात्रीच बँकेच्या हेल्पलाइनवरून कार्ड ब्लॉक. सकाळी शाखेत लेखी अर्ज, "खात्याचा ताबा माझ्याकडे नाही", आणि पोच घ्यायची. सिम कंपनीच्या दुकानात जाऊन बंद. संचार साथी या सरकारी पोर्टलवर त्याच्या नावावर किती सिम आहेत तेही बघा, कधी कधी एकाच्या नावावर चार निघतात. त्यानंतर सीईएन ठाण्यात जा, सायबर गुन्हे तिथंच बघतात. सोबत मोठं माणूस हवं. स्वतःहून गेलेल्या पोरात आणि नोटीस आल्यावर गेलेल्या पोरात फार फरक असतो. आणि पोलिसांची चौकशीला बोलावणारी कलम ३५(३) ची नोटीस आलीच तर ती उशीखाली ठेवायची नाही, हजर व्हायचं.

ज्या रकमा अगदी अलीकडं गेल्या असतील त्यासाठी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत कळवलं तर मधेच अडवता येतात. तासांचा खेळ आहे, आठवड्यांचा नाही.

चंदगडी · १०:३३

माझं सिम महाराष्ट्राचं, राहत होतो बेळगावात. दोन्हीकडचे म्हणायचे तिकडं जा. मधल्या मधे पंधरा दिवस गेले. सीमेवरच्या शिनोळीच्या फाट्यावर उभं राहून तक्रार करावी की काय असं वाटायचं.

काळा_कोट · १०:४१

आता हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर घेता येते, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेचं कलम १७३. नकार मिळाला तर कलमाचा उल्लेख करून लेखी द्या.

सीमाभागी · १०:५५

इथंच दुखतं. तक्रार कन्नडमध्ये लिहून आणा म्हणतात. ज्या पोराचं सगळं शिक्षण मराठी शाळेत झालं तो आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट तिसऱ्याकडून लिहून घेणार? हा प्रश्न भाषेचाच…

कुंदा_किंग · १०:५७

धाग्याचा काश्मीर होण्याआधी सांगतो. मी १९३० ला मोडक्या हिंदीत बोललो होतो, पलीकडचा हुबळीकडचा होता, त्याची हिंदी माझ्यापेक्षा मोडकी. काम झालं.

निपाणीची_लेक · ११:०२

@सीमाभागी, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण आज रात्री कार्ड ब्लॉक होऊ दे.

कॅम्पातला_मास्तर · ११:२५

बाबांना सांगायचं का, हा काकूंचा मूळ प्रश्न राहूनच गेला.

माझं मत: सांगायचं, पण त्याच्या पाठीमागं नाही. वीस वर्षं शिकवतोय. मुलगा चोरून केलेल्या फोननं तुटतो. "मी शेजारी बसते, फोन तू लाव" असं म्हणा. आणि "मरेन" हा शब्द हसण्यावारी नेऊ नका काकू, तुम्ही छान हाताळलंत तरीही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही आणि कन्नडमध्येही बोलता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या रुग्णालयात मोबाईल आणि गेमच्या व्यसनासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे, म्हणजे हे वाया गेलेल्या पोरांचं लक्षण नव्हे, डॉक्टर ज्याच्यावर उपचार करतात असं काहीतरी आहे. तो रूमवर एकटा झोपत असेल तर दोन-चार दिवस कुणी सोबतीला ठेवा.

लोन ॲपच्या फोनांबद्दल: वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा दंडक आहे. मित्रांना शिव्या देणं तर सरळ गुन्हा. मित्रांनाच आधी सांगून टाकावं, "माझ्या नावानं फोन येतील, उचलू नका." त्यांच्याकडं एवढंच हत्यार असतं.

सडेतोड · ११:५०

काल जास्त बोललो. माझ्या धाकट्या भावाला आत्ता विचारलं खातं कुणाला दिलंस का. म्हणाला नाही. मग म्हणाला, विचारणारा मात्र आला होता, तीन हजार देतो म्हणत होता. आमच्याच गल्लीतला.

फौंड्रीवाला_उद्यमबाग · बुधवार, सकाळी ६:१५

ओसीवाला कधी आपलं पासबुक मागत न्हवता. ही नवीनच.

खानावळवाली · रविवार, संध्याकाळी ६:४०

उशीर झाला, माफ करा. मंगळवारी रात्रीच कार्ड बंद केलं. मास्तरांनी सांगितलं तसं त्याला आठवडाभर मेसच्या माडीवर झोपवतेय. बुधवारी बँक, गुरुवारी ठाणं. अर्ज कन्नडमध्ये माझ्या मुलानं लिहून दिला, हो, तोच, मेस बघ म्हणणारा. बँकेत कळलं की त्या खात्यावर लीन आधीच लागलंय, तीन ठिकाणचं. साहेबांनी दोन तास बसवून घेतलं, दादाचं नाव आणि नंबर लिहून घेतला. पुढं काय होईल माहीत नाही. स्कॉलरशिप मात्र दुसऱ्या खात्यात वळवायचा फॉर्म भरला.

बाबांना फोन त्यानं स्वतः लावला, मी शेजारी होते. पहिली दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मग बाबांनी विचारलं, "गाडी कितीला दिलीस?" ३२ म्हटल्यावर म्हणाले, "स्वस्तात दिलीस." काल स्वतः आले. निम्मं बिल दिलं, निम्म्याचा तांदूळ आणला. मी तांदूळ ठेवून घेतला, पैसे परत केले. बाकीचं पोरगा फेडणार आहे. संध्याकाळी पोळ्या मोजून वाढतो, हाताला चांगलं वळण आहे. साधा बटणांचा फोन घेतलाय.

आता मुलगा मेसच्या दारावर लावायला बोर्ड करतोय. बाहेर आमचाच जुना बोर्ड आहे, "रूम भाड्याने देणे आहे". त्याच्या खाली लिहायचं म्हणतो, "खाते भाड्याने देणे नाही", आणि १९३०. कन्नडमध्ये कसं लिहावं?

कुंदा_किंग · ६:४४

"खाते बाडिगेगे इल्ला." झालं की! आणि रविवारी काय होतं जेवायला ते लिहिलं नाहीत.

सीमाभागी · ६:५१

मराठी वर, कन्नड खाली.

काळा_कोट · ६:५३

बोर्डावरच्या कन्नडच्या आकारमानाचे नियम बघून घ्या, नाहीतर महापालिकेची माणसं बोर्डच काढून नेतील.

खानावळवाली · ७:०५

बोर्ड एकाच ओळीत लिहून घेते, शेजारी शेजारी. जेवायला मटण होतं. बिल भरलेल्यांना.